पडद्याकडे पाठ करून बस

प्रिय मुली,

परवा तलावपाळीवर तू विचारलंस, "काकू, फ्लोअर सोडू का?" आणि मी अर्धं कणीस तुझ्या हातात देऊन विषय बदलला. उत्तर माझ्याकडे होतं, पण ते उभ्या उभ्या देण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहिते आहे.

शूटिंगचा फ्लोअर सोड आणि चॅनलच्या ऑफिसातली ती नोकरी घे. घोडबंदर रोडच्या सेटवर चार वर्षं तू कंटिन्युइटीपासून शेड्युलपर्यंत सगळं केलंस. ऐरोलीच्या त्या ऑफिसात मुलांच्या कार्यक्रमांचे स्लॉट, बजेट आणि होकार-नकार तुझ्या हातात येतील. सेटवर मुलांमध्ये वावरलेलं माणूस अशा खुर्चीवर फार कमी वेळा बसतं. फक्त तिथे गेल्यावर एक सवय सोडू नकोस. ती मला कशी लागली ते आधी सांगते.

पाऊस कसा पडतो, यावर आम्ही अकरा मिनिटांचा एपिसोड केला होता. त्यातल्या गाण्यावर माझा फार जीव होता. प्रक्षेपणाला चार दिवस उरलेले असताना कळव्याच्या एका बालवाडीत रफ कट, म्हणजे एपिसोडची कच्ची जोडणी, दाखवायला नेला. वीस-पंचवीस मुलं सतरंजीवर, टीव्ही टेबलावर, आणि मी सगळ्यांच्या मागे उभी राहून पडद्याकडे बघत होते. रंग जरा फिके वाटतात, एवढंच माझ्या डोक्यात. संपल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी खूश.

सतरंजी गुंडाळता गुंडाळता तिथल्या मदतनीस मावशी म्हणाल्या, "मॅडम, ते आजोबा बोलायला लागले की पोरं सुटली बघा." मी म्हटलं, कुठे सुटली, बसून तर होती. त्यांनी सतरंजीची कड पुढे केली. दोरे उसवलेले, दोन ठिकाणी छोट्या वेण्या घातलेल्या. आजोबा नातवाला बाष्पीभवन समजावत होते त्या पाऊण मिनिटात मुलांनी हा उद्योग केला होता. मग पातेल्यावरचं झाकण थडथडलं, तशी सगळ्यांनी माना वर केल्या. मावशी टीव्हीच्या बाजूला बसल्या होत्या, तोंड मुलांकडे करून. मला जे दिसलं नाही ते त्यांना सगळं दिसलं.

आजोबांचं वाक्य कापून झाकण आधी आणायला दीड दिवस लागला असता. पण एडिटची शिफ्ट संपली होती आणि बजेटही. आजोबा तसेच प्रक्षेपित झाले. ते अजून मला सलतं.

त्यानंतर मी कुठलाही कट मुलांना दाखवला की पडद्याकडे पाठ करून बसते. हातात एपिसोडचा टाइमकोड. कोण कुठे बघतंय, कोणत्या सेकंदाला हात शेजाऱ्याच्या केसांकडे गेला, कोणत्या ओळीला ओठ हलले, एवढंच टिपायचं. मुलांना "आवडलं का" विचारू नकोस. ती भली असतात, हो म्हणतात.

पुढे वाचनातून कळलं की हे काम फार पूर्वी, फार नीट केलेलं आहे. जोन गँझ कूनी न्यूयॉर्कमध्ये सार्वजनिक टीव्हीसाठी माहितीपट करायच्या. १९६६ साली त्यांच्या घरी जेवायला आलेल्या लॉइड मॉरिसेट या मानसशास्त्रज्ञांनी सांगितलं, की त्यांची तीन वर्षांची मुलगी सकाळी कार्टून सुरू होण्याआधी नुसता टेस्ट पॅटर्न बघत बसते. दूरदर्शनच्या रंगीत पट्ट्यांपुढे वाट बघत बसलेल्या आमच्या पिढीला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही! त्या गप्पांतून टीव्ही मुलांना शिकवू शकेल का हा प्रश्न निघाला, कूनींनी त्यावर अहवाल लिहिला, १९६८ मध्ये त्यासाठी संस्था उभी राहिली आणि १० नोव्हेंबर १९६९ ला तिचा मुलांचा कार्यक्रम 'सेसमी स्ट्रीट' सुरू झाला.

त्यांचे संशोधनप्रमुख एडवर्ड पामर मुलांसमोर टीव्ही लावत आणि शेजारी दुसऱ्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी बदलणारी चित्रं. मूल टीव्हीवरून नजर काढून चित्राकडे कधी वळतं, याची नोंद व्हायची. जुलै १९६९ मध्ये चाचणीचे एपिसोड दाखवले तेव्हा दिसलं, की बाहुल्या आल्या की मुलं खिळून राहतात आणि कार्यक्रमातल्या रस्त्याच्या सेटवर नुसती मोठी माणसं बोलायला लागली की नजर सुटते. आमच्या आजोबांसारखंच. बाहुल्या आणि खरी माणसं एकत्र दाखवू नका, मुलांचा गोंधळ होईल, असा तज्ज्ञांचा सल्ला होता. तो बाजूला ठेवून त्यांनी बाहुल्या रस्त्यावर आणल्या. तो उंच पिवळा पक्षी, बिग बर्ड, त्यातूनच आला.

यातली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट तारखांमध्ये आहे. चूक जुलैत कळली आणि नोव्हेंबरच्या आत दुरुस्त झाली. तेवढा वेळ आणि पैसा हाताशी होता. सेटवर राबणारी निर्माती कितीही जीव तोडून काम करो, हे तिच्या हातात नसतं. ते वर बसलेल्या माणसाने बजेटच्या पहिल्या कागदावरच लिहावं लागतं. कूनी १९९० पर्यंत त्या संस्थेच्या प्रमुख होत्या. मी तुला नोकरी घे म्हणते ती यासाठी.

तेव्हा प्रत्येक मालिकेच्या बजेटमध्ये एक ओळ घालून घे: पहिले दोन एपिसोड मुलांसमोर तपासणे आणि दुरुस्ती. अ‍ॅनिमेशन असेल तर अ‍ॅनिमॅटिकवरच, म्हणजे आवाज जोडलेल्या कच्च्या चित्रांवरच, दाखव. तिथे सीन बदलायला चित्रकाराचा एखादा दिवस जातो, रंग चढल्यावर तोच बदल कुणी परवडू देत नाही. फायनान्सवाले ही ओळ खोडतील. पुन्हा लिही.

ऑफिसात दर आठवड्याला बार्कचे, म्हणजे कोणता कार्यक्रम किती लोकांनी बघितला याचे, आकडे येतील. ते वाचायला शीक, त्यांना नावं ठेवू नकोस, जाहिरातीचा पैसा त्यांच्यावरच येतो. पण मुलांचा गट म्हणून तिथे २ ते १४ वर्षं असा एकच रकाना पुढे येतो. बोट धरून चालणारं पोर आणि नववीतला मुलगा एकाच पंगतीत. शिवाय बार्कचं मीटर लावलेल्या घरात आपल्या नावाचं बटण कुणी दाबलं आणि कोणतं चॅनल चालू होतं हे कळतं, ते पोर त्या वेळी सतरंजीचे दोरे ओढत होतं का हे कळत नाही. मीटिंगमध्ये कुणी "अजून फास्ट करा" म्हणालं की विचार, कोणत्या मिनिटाला, कोणत्या वयाच्या मुलासाठी. तुझ्याकडे वहीत उत्तर असेल, म्हणून विचार.

दुसरी गोष्ट लिहायला जड जाते आहे. मी ऑफिसात असताना एका मालिकेची एपिसोडची बँक, म्हणजे आधी शूट करून ठेवलेले एपिसोड, संपत आली होती. चॅनलचा तगादा होता, कॉलशीटवर, म्हणजे कुणी किती वाजता सेटवर यायचं त्या कागदावर, मी सही केली. रात्री दहाला सेटवर गेले तर सात वर्षांचा मुलगा मेकअपच्या खुर्चीत झोपला होता आणि असिस्टंट त्याच्या डोळ्यांना ओला रुमाल लावत होता. त्याची आई कोपऱ्यात, काही न बोलता. मी पॅकअप सांगितलं, पण सही माझीच होती.

आता बालकामगार कायद्याचे २०१७ चे नियम आहेत, पाठ कर. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त दिवस नाही. पाच मुलांमागे जबाबदार असं एक माणूस. कमाईतला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव. शाळा बुडता कामा नये. सेटवर कोण काय पाळतं हे तू पाहिलं आहेस. आता कॉलशीट तुझ्या टेबलावर येईल. वेळेचा रकाना आधी बघ, सही नंतर.

हक्कांबद्दल थोडक्यात. 'छोटा भीम' २००८ मध्ये पोगो या मुलांच्या चॅनलवर आला, पण पात्राचे हक्क हैदराबादच्या ग्रीन गोल्ड स्टुडिओने स्वतःकडे ठेवले. म्हणून पुढचे चित्रपट, खेळणी, दप्तरं यांतून तो स्टुडिओ उभा राहिला. तू आता विकत घेणाऱ्या बाजूला असशील. छोट्या मराठी निर्मात्याकडून सगळं कायमचं लिहून घ्यायचा मोह आवर. त्याच्याकडे काही उरलं तरच तो पुढच्या वर्षी नवीन काही घेऊन येईल.

आणि मराठीत कर, जितकं जमेल तितकं. मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम करणारी पुण्याची बालचित्रवाणी १९८४ साली सुरू झाली आणि २०१७ साली बंद झाली. तिचं नाव काढलं की माझ्या वयाची माणसं अजून ते शीर्षकगीत गुणगुणायला लागतात. दिघ्यातल्या, कळव्यातल्या पोराला आपल्या घरातल्या बोलीत पाऊस कसा पडतो ते ऐकायला मिळावं, यासाठी मी आयुष्य घातलं. काम अर्धं राहिलं आहे.

येत्या शनिवारी मी त्याच कळव्याच्या बालवाडीत एक नवीन कट दाखवायला जाते आहे. ऐरोलीहून साडेआठची ठाणे लोकल धर, मी ठाण्याच्या दहा नंबर प्लॅटफॉर्मवर थांबते, तिथून स्लो गाडीने एकच स्टेशन. वही आण. मी पडद्याच्या डाव्या बाजूला बसेन, तू उजव्या.

तुझी,
काकू