मॅनेक्विन हा शब्द कुठून आला? दुकानातल्याला नुसतं 'पुतळा' म्हटलं तर चुकतं का?

अजिबात चुकत नाही. कॉलेजात असताना दोन दिवाळ्या मी मामाच्या कापड दुकानात काढल्या. तिथे 'मॅनेक्विन' हा शब्द एकदाही कानावर पडला नाही. "पुतळ्याला ती मोरपिशी नेसव रे," एवढंच. ब्लाउज चढवायचा तर आधी पुतळ्याचे हात खांद्यातून पिरगळून काढायचे, बाह्या घातल्या की पुन्हा अडकवायचे. समोरून ब्लाउज इतका नेटका दिसतो, कारण पाठीमागून चार चिमटे लावून आवळलेला असतो!

शब्द मूळचा डच. 'मान' म्हणजे माणूस, त्याला '-केन' हे लहानपण दाखवणारं शेपूट. ढोलाची ढोलकी होते ना, तसंच. (नातं नाही, रीत सारखी.) म्हणजे झाला 'छोटुकला माणूस'. ब्रसेल्समधला शू करणारा पोरगा, 'मानेकन पिस', त्याच्या नावात हाच शब्द आहे. ब्राँझचा हा पोरगा जेमतेम ५५ सेंटीमीटरचा, पण त्याचे पोशाख हजाराहून जास्त. तेव्हा तो नावाने आणि कामाने, दोन्ही अर्थांनी मॅनेक्विनच म्हणायचा.

फ्रेंचांनी शब्द उचलला तो चित्रकारांच्या लाकडी बाहुल्यासाठी, ज्याचे हातपाय सांध्यांतून वळवता येतात. जिवंत माणूस तासन्‌तास एका जागी कसा बसणार? जरा हलला की वस्त्राच्या चुण्या बिघडल्या. बाहुल्यावर कापड टाकून ठेवलं की आठवडाभर तीच चुणी. पुढे शिंप्यांकडेही तो कामाला लागला.

खरी गंमत यानंतर. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रजाने १८५८ मध्ये पॅरिसमध्ये आपलं कपड्यांचं दुकान थाटलं. त्याचे कपडे अंगावर घालून त्याची बायको मारी गिऱ्हाइकांना दाखवायची. असं काम करणाऱ्या मुलींनाही 'मॅनेक्विन'च म्हणू लागले. बाहुल्याचं नाव जिवंत बाईला! फ्रेंचमध्ये आजही मॉडेलला हाच शब्द आहे, आणि बाई असली तरी व्याकरणात तो पुल्लिंगी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीतही मॅनेक्विन म्हणजे बहुधा अशी मुलगीच, आणि फॅशन शोला 'मॅनेक्विन परेड' म्हणत. पुढे मुलींसाठी 'मॉडेल' रूढ झालं आणि मॅनेक्विन काचेआडच्या पुतळ्याकडे राहिला.

आपला 'पुतळा'ही काही कमी नाही. तो संस्कृत 'पुत्तल'वरून आलेला, आणि संस्कृतात 'पुत्रिका' म्हणजे मुलगीही आणि बाहुलीही.

आणखी एक, कारण यात बरेच जण गोंधळतात: प्रथमोपचार शिकताना ज्याच्या छातीवर दाब देतात, तो 'मॅनिकिन'. मूळ तेच, पण हा शब्द इंग्रजीत फ्रेंचच्या वाटेने न येता थेट डचमधून आला, आणि मॅनेक्विनच्या कितीतरी आधी.