'पश्चात्ताप करा, अंत जवळ आला आहे' असं ख्रिस्ती लोक खरंच मानतात का?

पुणे स्टेशनाबाहेर कुणीतरी तुमच्या हातात पत्रिका कोंबली. वर ज्वाळांचं चित्र, खाली 'पश्चात्ताप करा, अंत जवळ आला आहे'. तुम्ही विचारताय की ख्रिस्ती लोक हे खरंच मानतात, की ही घाबरवायची युक्ती आहे? आणि रडून माफी मागितली की झाला का पश्चात्ताप?

मी जन्माने ख्रिस्ती, नेवाशाकडचा. घरात चौथी पिढी प्रोटेस्टंट मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आहे. पाळक (चर्चचा धर्मगुरू) नाही, नोकरदार आहे. तेव्हा हे उत्तर बाकावर बसून उपदेश ऐकणाऱ्याचं समजा.

आधी ते वाक्य. शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, ते तसं नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणारा योहान म्हणतो, 'पश्चात्ताप करा, कारण स्वर्गाचे राज्य जवळ आले आहे.' पुढच्या अध्यायात येशूही याच शब्दांनी सुरुवात करतो. राजा येतोय म्हणून गाव झाडूनपुसून ठेवणं वेगळं आणि गाव जळणार म्हणून गाठोडं बांधून पळणं वेगळं. 'शेवट जवळ आला आहे' हेही शास्त्रात सापडतं, येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रात. पण त्याच्या पुढे काय लिहिलंय बघा: शुद्धीवर राहा, एकमेकांवर प्रीती करा, कुरकुर न करता पाहुणचार करा. जगाचा शेवट आणि पाहुणचार! पत्रिका छापणाऱ्यांनी एवढी ओळ कधी छापलेली मी पाहिली नाही.

आता पश्चात्ताप. आपला मराठी शब्दच जरा फसवा आहे: पश्चात् ताप, म्हणजे नंतरची जळजळ. मूळ ग्रीक शब्द 'मेटानोइया', मन पालटणं. त्यामागे हिब्रू 'शूब', चुकीच्या वाटेवरून माघारी फिरणं. नुसती जळजळ तर येशूला पैशांसाठी धरून देणाऱ्या यहूदालाही झाली. तीस नाणी त्याने परत नेऊन टाकली आणि गळफास घेतला. पेत्राने तीनदा येशूला नाकारलं, तोही ओक्साबोक्शी रडला, पण माघारी आला. रडले दोघंही असतील, वळला एक.

लोक योहानाला विचारतात, 'मग आम्ही करायचं काय?' (लूक, अध्याय तिसरा). उत्तर अगदी हिशेबी आहे. दोन अंगरखे असतील तर एक नसलेल्याला दे. जकातदारा, ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नकोस. शिपायांनो, जुलमाने पैसे उकळू नका, पगारात भागवा. यात अश्रूंचा उल्लेखही नाही. पुढे जक्कय नावाचा जकातदार येतो. तो अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेलं चौपट परत, असं उभ्या उभ्या जाहीर करतो.

आमच्या आजीचं सांगतो. तिचं आणि तिच्या जावेचं एका तांब्याच्या हंड्यावरून वाजलं होतं. वाटणीत तो जावेचा, पण राहिला आजीकडे. दोघी एकाच देवळात, म्हणजे चर्चमध्ये, बायकांच्या बाजूला, तीन बाकांचं अंतर ठेवून बसायच्या. आमच्याकडे महिन्यातून एकदा प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण, असायचं. भाकर आणि द्राक्षारसाची पेली समोर आली की आजी मान खाली घालून पुढे सरकवायची. कितीतरी महिने हे चाललं होतं. पाळकसाहेबांनी एकदा विचारलं तर म्हणाली, 'अजून हंडा घरात हाय.' मग एका शनिवारी तिने तो चिंचेने घासून लख्ख केला, डोक्यावर घेतला आणि भर दुपारी गावातून जावेच्या दारात नेऊन ठेवला. बोलली काही नाही. जावेने चहा ठेवला. दुसऱ्या दिवशी आजीने पेली घेतली. माझी पश्चात्तापाची व्याख्या अजून त्या हंड्याएवढीच आहे.

माझी बायको वसईची कॅथलिक. त्यांच्याकडे हे फादरसमोर पापनिवेदन करून, प्रायश्चित्त घेऊन होतं. ईस्टरआधी तिथे रांग लागते. आमच्याकडे मधे धर्मगुरू नाही, थेट देवाशी आणि ज्याचं बिघडवलं त्याच्याशी. यावरून आमच्या घरात अधूनमधून वाद होतो, तो इथे नको.

अंताबद्दल जवळपास सगळ्या मंडळ्या एवढं मानतात: येशू पुन्हा येईल, मेलेले उठतील, जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय होईल. हे विश्वासांगीकारात, म्हणजे आमच्या श्रद्धेच्या ठरलेल्या कबुलीत, आहे, आम्ही ते उभं राहून म्हणतो. तपशिलात मात्र शेकडो वर्षांची भांडणं आहेत. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात हजार वर्षांच्या राज्याचा उल्लेख येतो. कोणी ते शब्दशः घेतो, तर ऑगस्टीन या प्राचीन धर्मपंडितापासून अनेकांनी ते मंडळीच्या काळाचं रूपक मानलं. विश्वासणारे एकाएकी आकाशात उचलले जातील आणि बाकीचे संकटात मागे राहतील, हे 'रॅप्चर' तुम्ही यूट्यूबवर ऐकलं असेल. त्या मांडणीला १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकाने आकार दिला आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या (टिपांसह छापलेल्या बायबलच्या) टिपांनी ती अमेरिकाभर पसरवली. बायकोने वसईच्या चर्चमध्ये हा शब्द कधी ऐकलाच नव्हता.

तारखांचं प्रकरण याहून मजेशीर, आणि दुःखाचंही. विल्यम मिलर हा न्यूयॉर्क राज्यातला शेतकरी. बायबलमधल्या दानिएलाच्या पुस्तकातल्या आकड्यांवरून त्याने येशूच्या परत येण्याचा हिशेब मांडला, आणि शेवटी त्याच्या अनुयायांत २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख ठरली. काहींनी शेतातलं पीकही काढलं नाही. तेवीस तारखेची सकाळ नेहमीसारखी उजाडली. मिलरने नंतर चूक कबूल केली. उरलेल्यांतूनच पुढे सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली. पुण्याचं स्पायसर विद्यापीठ त्यांचंच. आपल्या डोळ्यांदेखत २०११ साली कॅलिफोर्नियाच्या हॅरोल्ड कॅम्पिंगने रेडिओवरून २१ मे जाहीर केला. ती टळल्यावर २१ ऑक्टोबर. तीही टळली. २०१२ मध्ये नव्वदीतल्या त्या माणसाने लेखी मान्य केलं की तारीख सांगणं चुकीचं आणि पाप होतं. अंताची घोषणा करणाऱ्यालाच शेवटी माघारी वळावं लागलं. मला त्याचा हा शेवट आधीच्या सगळ्या प्रवचनांपेक्षा जास्त ख्रिस्ती वाटतो. येशूने तर स्वच्छ सांगितलंय की तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाच, स्वर्गातल्या देवदूतांनाही, ठाऊक नाही.

मग घाई कशाला? माझ्या मते घाई आहेच, पण ती तारीख ठाऊक नसल्यामुळे. तारीख कळली तर माणूस आदल्या रात्री हंडा परत करेल. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात लोक टोमणे मारतात, 'कुठे आहे तो येणारा?' त्यावर उत्तर असं, की प्रभू उशीर करत नाही, तो धीर धरतोय, कारण कोणाचा नाश व्हावा अशी त्याची इच्छा नाही, सर्वांनी पश्चात्तापाकडे वळावं अशी आहे. म्हणजे हा उशीरच मुळी वळण्यासाठी दिलेली सवड.

भूकंप, महामारी, युद्ध झालं की 'पाहा, पाप्यांना शिक्षा' म्हणणारे आमच्यातही आहेत. कोरोनात आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज अंताचं एक चिन्ह पूर्ण होत होतं. येशूच्या काळी यरुशलेममधला शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली तेव्हा येशूने विचारलं होतं, ती काय बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती? नाही म्हणतो तो. पण लगेच ऐकणाऱ्यांकडेच वळतो: तुम्ही पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचाही नाश होईल. म्हणजे मेलेल्यांचा न्याय करत बसू नका, स्वतःकडे बघा.

रडण्याला किंमतच नाही असं नव्हे. १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली तासन्‌तास रडून पापं कबूल करत होत्या. ते नाटक होतं असं मी म्हणणार नाही.

राहिला युक्तीचा प्रश्न. पत्रिका वाटणाऱ्या बऱ्याच जणांना खरोखर काळजी असते. भीतीवर दुकान चालवणारेही असतात. तारीख सांगतो का आणि देणगीचा क्यूआर कोड दाखवतो का, दोन्ही असेल तर सरळ पुढे चालू लागा. वाचायचंच असेल तर लूकचा तिसरा आणि पंधरावा अध्याय आधी वाचा. प्रकटीकरण मागाहून, आणि तेही रोमी सत्तेखाली भरडल्या जाणाऱ्या, आजच्या तुर्कस्तानातल्या सात मंडळ्यांना आलेलं पत्र आहे हे लक्षात ठेवून.