ऑर्लँडोला सहा जण: बाहेरचा टाइमशेअर की डिस्नेच्या आतलं हॉटेल?

तुमचं सगळं वाचलं. आई-बाबा पुण्याहून आलेत, तुम्ही दोघं, मोठी सात वर्षांची आणि धाकटा अडीचचा, जूनच्या पहिल्या आठवड्यात ऑर्लँडो ठरतंय. मित्र म्हणतो बाहेर टाइमशेअरचं (म्हणजे लोकांनी दरवर्षी ठरावीक दिवस राहायचा हक्क विकत घेतलेल्या रिसॉर्टमधलं) टू बेडरूम भाड्याने घ्या, निम्म्यात होईल, आणि बहीण म्हणते डिस्नेच्या आतच राहा. आम्ही अटलांटाहून गाडीने चार वेळा गेलोय, दोनदा सासू-सासऱ्यांना घेऊन, दोन्हीकडे राहून झालंय, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

आधी एक सांगते. लोक रात्रीचं भाडं बघतात आणि तिथेच हिशोब संपवतात. तुम्ही भाड्याच्या आधी दुपार बघा. जूनमध्ये फ्लोरिडात दुपारी दोन-तीन वाजता अंगाची लाही होते, वर दमट हवा, आणि बऱ्याच दिवशी साधारण त्याच सुमाराला विजा कडकडून धो धो पाऊस पडतो. त्या वेळी अडीच वर्षांचं पोर आणि सत्तरीचे बाबा कुठे असणार, याचं उत्तर मिळालं की कुठे राहायचं हे आपोआप ठरतं.

पहिल्या ट्रिपला आम्ही हायवे १९२ च्या बाजूला एका टाइमशेअर रिसॉर्टमध्ये होतो. नकाशावर मॅजिक किंगडम, म्हणजे डिस्नेच्या चार पार्कांपैकी किल्ला असलेलं, अगदी हाकेच्या अंतरावर. पण मॅजिक किंगडमची एक गंमत आहे जी पहिल्यांदा जाणाऱ्याला कुणी सांगत नाही, तिथे गाडी गेटपर्यंत जातच नाही. पार्किंगचे पैसे भरायचे, गाडी लावायची, तिथून चालत किंवा ट्रामने ट्रान्सपोर्टेशन अँड तिकीट सेंटरला यायचं, बॅगा तपासून घ्यायच्या, मग मोनोरेल नाहीतर फेरीबोट पकडून तळं ओलांडायचं, तेव्हा कुठे गेट दिसतं. उबरने गेलात तरी तो त्या सेंटरलाच सोडतो. आम्हाला घराच्या दारापासून गेटपर्यंत पाऊण तासाच्या वर लागला आणि तोही सकाळी, सगळे ताजेतवाने असताना. दुपारी पाऊस सुरू झाला तेव्हा मी म्हटलं घरी जाऊन झोपू, संध्याकाळी परत येऊ. परत कोण येतंय! उलटा सगळा प्रवास करून पोचलो, पोरं झोपली, सासऱ्यांचे गुडघे सुजलेले, ते काही बोलले नाहीत पण बुटाची लेस सोडून पाय नुसता टीपॉयवर ठेवून बसले होते, ते बघून पुन्हा निघायचं नाव काढायची माझी हिंमत झाली नाही. फटाके राहिलेच. सासूबाई वर्षभर तेवढंच म्हणत होत्या, सगळं बघितलं पण ती किल्ल्यावरची आतषबाजी राहिली.

डिस्नेच्या हॉटेलांच्या बस मात्र मॅजिक किंगडमच्या थेट दारात सोडतात, त्या सेंटरची आणि तळ्याची भानगडच नाही. कंटेम्पररीहून तर चालत दहा-पंधरा मिनिटांत जाता येतं, ते आणि पॉलिनेशियन ही दोन्ही १९७१ साली पार्कबरोबरच सुरू झालेली हॉटेलं, म्हणून इतक्या मोक्याच्या जागी आहेत. पण त्यांचे दरही तसेच. बाकी तीन पार्कना, म्हणजे एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडमला, पार्किंग लॉटमधून गेट तसं जवळ आहे, तिथे बाहेरून गेलं तरी इतका जीव जात नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे प्लॅनमध्ये उपयोगी पडेल.

आता बाहेरच्या घराची बाजू, कारण मी त्याच्या विरुद्ध अजिबात नाही. सहा माणसं म्हणजे डिस्नेच्या स्वस्तातल्या, ज्याला ते व्हॅल्यू म्हणतात, त्या पॉप सेंच्युरी किंवा ऑल-स्टारच्या हॉटेलात दोन खोल्या लागणार. एक खोली साधारण २६० स्क्वेअर फुटांची, चार माणसांची, आणि दोनच्या वर मोठी माणसं असली तर माणशी वेगळे पैसे. आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशनमध्ये सहा जणांचा फॅमिली स्वीट मिळतो, दोन बाथरूम, छोटा फ्रिज, मायक्रोवेव्ह, पण शेगडी नाही. आणि आपल्या आई-बाबांना तीन दिवस पिझ्झा-फ्राइज झाले की चौथ्या दिवशी वरणभात लागतोच, त्यात त्यांचा काही दोष नाही. टाइमशेअरच्या टू बेडरूममध्ये पूर्ण किचन, डायनिंग टेबल, वॉशर-ड्रायर, आई-बाबांना स्वतःची खोली आणि दार लावायची सोय. पावसात भिजलेले सहा जणांचे कपडे आणि बूट रात्रीत वाळवून सकाळी परत घालता येणं याची किंमत तिथे गेल्यावर कळते. मी घरून छोटा कुकर, मिसळणाचा डबा, मेतकूट आणि तुपाची बाटली नेते, बाकी सगळं ऑर्लँडोतल्या इंडियन ग्रोसरीत मिळतं. फोडणी देताना एक्झॉस्ट फुल ठेवा आणि खिडकी उघडा, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो. आणि पार्कमध्ये बाहेरचं खाणं चालतं, काचेच्या बाटल्या आणि दारू सोडून, त्यामुळे ठेपले, दशम्या, दहीभात बिनधास्त न्या, आम्ही नेतो.

पण "निम्म्यात होईल" हे मित्राचं म्हणणं कागदावर मांडून बघा. बऱ्याच ठिकाणी रोजची रिसॉर्ट फी असते जी चेक-इनला कळते, काही ठिकाणी तिथल्या पार्किंगचे पैसे वेगळे. राहण्यावरचा टॅक्स ऑरेंज काउंटीत १२.५ टक्के, ऑसिओला काउंटीत १३.५ टक्के, हा डिस्नेच्या हॉटेललाही लागतोच म्हणा. वर रोज डिस्नेच्या पार्कच्या पार्किंगचे पैसे, एकदा भरले की त्या दिवशी चारही पार्कना चालतात, पण पाच दिवसांचे पाचपट झाले. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना हे पार्किंग फुकट आणि २०२३ पासून हॉटेलातलं रात्रीचं पार्किंगही फुकट. रिसॉर्टची "फ्री शटल" म्हणतात ती दिवसातून ठरलेल्या दोन-चार वेळांनाच असते, तिच्यावर विसंबू नका. हे सगळं धरूनसुद्धा सहा माणसांना बाहेरचं घर बहुतेक वेळा स्वस्तच पडतं, पण निम्म्यात नाही.

पैशांपलीकडचं म्हणजे वेळ. डिस्नेच्या हॉटेलवाल्यांना रोज प्रत्येक पार्कमध्ये अर्धा तास आधी सोडतात, आणि रांग टाळायचा लायटनिंग लेन मल्टी पास त्यांना सात दिवस आधी बुक करता येतो, बाहेरच्यांना तीन दिवस आधी. त्या चार दिवसांत गर्दीच्या राइड्सच्या चांगल्या वेळा उडून जातात. पास विकतच घ्यावा लागतो हं, हॉटेलात राहिलं म्हणून फुकट नाही, हा गैरसमज खूप जणांचा असतो. आणि विमानतळाहून डिस्नेची फुकट बस आता नाही, ती २०२२ च्या सुरुवातीलाच बंद झाली, जुने ब्लॉग वाचून तिच्या भरवशावर राहू नका.

आता मधला रस्ता, जो मला सगळ्यात आवडतो. डिस्ने स्वतःच टाइमशेअर विकते, डिस्ने व्हेकेशन क्लब, १९९१ पासून, पहिलं रिसॉर्ट ओल्ड की वेस्ट. तिथले मालक आपले पॉइंट्स (राहायचा हक्क तिथे पॉइंट्समध्ये मोजतात) भाड्याने देतात, थेट किंवा एजंटामार्फत, आणि तुम्ही त्यांच्या नावावर नाही तर तुमच्या नावाच्या बुकिंगवर राहता, अर्धा तास आधी एंट्री, बस, पार्किंग सगळं मिळतं. वन बेडरूमपासून पुढे पूर्ण किचन आणि वॉशर-ड्रायर, स्टुडिओत मात्र फक्त मायक्रोवेव्ह, टोस्टर आणि छोटा फ्रिज. टू बेडरूममध्ये तुम्ही सहा जण आरामात. तोटा एवढाच की हे भाडं बहुतेक वेळा परत मिळत नाही, कुणी आजारी पडलं, प्लॅन बदलला तर पैसे गेले. मालकाला स्वतःच्या रिसॉर्टचं बुकिंग ११ महिने आधी करता येतं आणि बाकीच्यांचं सात महिने आधी, म्हणजे जूनसाठी आत्ता शोधलं तर जे उरलंय त्यातलंच मिळेल. ओल्ड की वेस्ट आणि सॅराटोगा स्प्रिंग्समध्ये बघा, मोठी रिसॉर्टं आहेत, तिथे मिळायची शक्यता जास्त.

बाहेरच राहायचं तर बॉनेट क्रीकचा विन्डहॅम हा टाइमशेअर रिसॉर्ट आधी बघा. ती जागा तिन्ही बाजूंनी डिस्नेच्या जमिनीने वेढलेली आहे, आतलं हॉटेल वाटावं इतकी जवळ, पण टाइमशेअरवाल्यांना डिस्नेच्या हॉटेलच्या सवलती नाहीत. रेडवीकसारख्या साइटवर मालकांकडून भाड्याने मिळतं, मालकाला सांगून गेस्ट म्हणून तुमचं नाव घालून घ्या आणि निघण्याआधी रिसॉर्टला स्वतः फोन करून ते नाव दिसतंय ना विचारा, त्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. तुमच्या बाबांकडे भारतात क्लब महिंद्राची मेंबरशिप असेल तर आरसीआय, म्हणजे टाइमशेअरची अदलाबदल करून देणारी कंपनी, तिच्यामधून एक्सचेंज मिळतं का तेही विचारा, पण जूनमधलं ऑर्लँडोतलं टू बेडरूम ऐनवेळी मिळेल असं धरून चालू नका.

आता जी गोष्ट लिहायलाच हवी ती. टाइमशेअर रिसॉर्टमध्ये चेक-इन झालं की तुम्हाला "पार्किंग पास घ्यायला" शेजारच्या टेबलावर पाठवतील. तिथला माणूस गोड बोलून म्हणेल, उद्या सकाळी फुकट नाश्ता आहे, दीड तास द्या, दोनशे डॉलरचं गिफ्ट कार्ड मिळेल. ही असते टाइमशेअर गळ्यात मारायची बैठक. आम्ही पहिल्या वेळी गेलो. दीड तासाचे साडेचार तास झाले. आधी एक बाई, मग तिचा मॅनेजर, मग त्याचा मॅनेजर, दर वेळी किंमत खाली, कागद समोर, पेन हातात, पोरं रडकुंडीला आलेली, आणि सासरे मराठीत मला म्हणतायत अगं हो म्हणून टाक, सुटू एकदाचे इथून. त्यांच्या वयाच्या माणसाला असं कोंडून बसवलं याचा मला आजही राग येतो. पार्किंग पास घ्या, नाही म्हणा, चालू पडा. कारण द्यायच्या भानगडीत पडू नका, प्रत्येक कारणाला त्यांच्याकडे उत्तर तयार असतं. आणि कुणी सही करून बसलंच तर फ्लोरिडाच्या कायद्याने दहा दिवसांत लेखी कळवून करार रद्द करता येतो, सही केल्यापासून किंवा कागदपत्रं मिळाल्यापासून, जे नंतरचं असेल ते. दहाव्या दिवसाची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी कागदावर दिलेल्या पत्त्यावर रजिस्टर्ड पत्र टाका. मेंटेनन्स फी दरवर्षी येत राहते, वाढत राहते, आणि विकायला काढलं तर लोक एका डॉलरला देतात तरी गिऱ्हाईक नाही, हे कुठल्याही रीसेल साइटवर स्वतः बघा. भाड्याने राहा, विकत घेऊ नका.

मग तुमच्यासाठी काय? मी असं करीन. पाच रात्री बाहेरच्या टू बेडरूममध्ये. पॉइंट्सवरच्या रिसॉर्टमध्ये हव्या तेवढ्या रात्री मिळतात, जुन्या पद्धतीचं आठवडा-टाइप असेल तर चेक-इनचा वार ठरलेला असतो ते बघून घ्या. त्या दिवसांत एपकॉट आणि अ‍ॅनिमल किंगडम, मध्ये एक दिवस पूर्ण आराम, पूल, घरचं जेवण. शेवटच्या दोन रात्री आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशनचा फॅमिली स्वीट, म्हणजे त्या हॉटेलच्या सवलती तीन दिवस मिळतात, कारण चेक-इनचा आणि चेक-आउटचा दिवसही धरतात. खोली दुपारी मिळते पण बॅगा सकाळीच ठेवून पार्कला निघायचं. त्या तीन दिवसांत मॅजिक किंगडम दोनदा आणि हॉलिवूड स्टुडिओज एकदा. हॉलिवूडला तिथून स्कायलायनर, म्हणजे केबल कार जाते, आई-बाबांना फार आवडेल, विजा व्हायला लागल्या की ती थांबवतात आणि बस लावतात एवढं ध्यानात असू द्या. मॅजिक किंगडमच्या दिवशी सकाळी लवकर एंट्री, साडेबारा-एकला पावसाच्या आधी बसने परत, सगळ्यांची झोप, पाच वाजता पुन्हा बस, फटाके. दुसऱ्या ट्रिपला आम्ही असंच केलं आणि सासूबाईंनी आतषबाजी उभं राहून पूर्ण बघितली.

धाकट्याला तीन पूर्ण होण्याआधी जाताय ते उत्तम, तीनच्या आत तिकीट लागत नाही. बाबांना चालायला त्रास असेल तर पार्कच्या दारात व्हीलचेअर भाड्याने मिळते, ते "मला कशाला" म्हणतील, तरी घ्या.

युनिव्हर्सलला, म्हणजे ऑर्लँडोतल्याच दुसऱ्या कंपनीच्या पार्कना, एखादा दिवस जाणार असाल तर तिथलं गणित उलटं आहे. पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या त्यांच्या तीन महागड्या हॉटेलात राहिलं की जुन्या दोन पार्कांचा रांग टाळायचा एक्स्प्रेस पास सगळ्यांना फुकट, एका रात्रीत दोन दिवसांचा. सहा जणांचे पास वेगळे घ्यायचे तर खोलीपेक्षा जास्त होऊ शकतात. २०२५ च्या मे महिन्यात उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या त्यांच्या नव्या पार्कला मात्र तो पास चालत नाही. पण खरं सांगू, या वेळी इतक्या लहान पोराला आणि आई-बाबांना घेऊन मी युनिव्हर्सल करणार नाही.

आणि एका संध्याकाळी, कुठेही राहत असलात तरी, अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधल्या सना नावाच्या हॉटेलात जेवायला जा. पार्कचं तिकीट लागत नाही. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना आणि बाकी सगळ्यांनाही ६० दिवस आधी टेबल बुक करता येतं, तेव्हा आत्ताच करून टाका, उजेड असतानाची वेळ घ्या. नान आणि तऱ्हेतऱ्हेच्या चटण्या, लोणची असलेली ब्रेड सर्व्हिस मागवा, खिडकीजवळ टेबल मागा. आमच्या सासूबाई नानचा तुकडा हातात तसाच धरून बसल्या होत्या, बाहेर वीस-पंचवीस फुटांवर जिराफ उभा होता.