नव्या पॅरिशमध्ये कुणी ओळखत नाही. सेवा करायची तर सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: नव्या ठिकाणी राहायला आलात, तिथल्या पॅरिशमध्ये (एका कॅथोलिक चर्चच्या हद्दीतला भाविकसमूह) दर रविवारी मिस्सेला, म्हणजे सामुदायिक उपासनेला, जाता, पण शांतीचं अभिवादन सोडलं तर कुणाशी बोलणं होत नाही. काहीतरी सेवा करावीशी वाटते, पण सगळी कामं ठरावीक दहा-बारा जणांच्याच हातात दिसतात. त्यात नोकरी, घरी लहान मूल, आणि पत्नी ख्रिस्ती नाही.

मी बरीच वर्षं आमच्या पॅरिशमधल्या वाचकांचं, म्हणजे मिस्सेत बायबलमधले उतारे मोठ्याने वाचणाऱ्यांचं, वेळापत्रक लावतो, म्हणजे तुम्ही ज्यांच्याकडे बाहेरून बघताय त्या दहा-बारा जणांतलाच एक. माझं मत आधी सांगून टाकतो. पहिलं काम निवडताना आपल्याला काय चांगलं येतं ते बघू नका, त्या कामात शेजारी कोण असेल ते बघा. तुमची खरी अडचण सेवेची नाही, ओळखीची आहे.

आता माझ्याच खात्याविरुद्ध बोलतो. वाचक होणं सगळ्यांना आधी सुचतं, कारण ते दिसतं. पण वाचक एकटा उठतो, वाचनपीठाकडे जातो, वाचतो आणि जागेवर येऊन बसतो. वर्षानुवर्षं सुरेख वाचणारी, पण ज्यांचं नाव कुणाला सांगता येणार नाही अशी माणसं मी पाहिली आहेत. गायकवृंदाचं उलट असतं. तिथे आठवड्याला सराव असतो, कुणी उशिरा येतं, कुणाचा सूर हलतो, हसणं होतं, आणि दोन-तीन महिन्यांत एकमेकांच्या घरची दुखणीखुपणी माहीत होतात. गळा नसेल तर दारात उभं राहून लोकांचं स्वागत करणं, मिस्सेनंतर खुर्च्या आणि गीतपुस्तकं आवरणं, वेदीभोवतीची फुलं आणि साफसफाई, ही सगळी जोडीने करायची कामं. त्यांना कौशल्य लागत नाही, वेळेवर येणं लागतं. अर्पणाचे पैसे मोजणारा गटही गप्पिष्ट असतो, पण तिथे नव्या माणसाला सहसा लगेच घेत नाहीत आणि ते योग्यच आहे. दोनपेक्षा कमी माणसांनी मोजायचं नाही, ती एका घरातली नकोत, आकड्याखाली सह्या हव्यात, हे नियम चोर पकडण्यापेक्षा प्रामाणिक माणसावर संशय येऊ नये म्हणून जास्त उपयोगी पडतात.

तेच ते लोक का दिसतात, याचं कारण तुम्हाला वाटतं तितकं राजकारणाचं नसतं. वेदीवरून ‘स्वयंसेवक हवेत’ अशी घोषणा झाली की प्रत्येकाला वाटतं, हे दुसऱ्या कुणाला उद्देशून आहे. मग शनिवारी संध्याकाळी माझ्यासारखा माणूस फोन हातात घेतो आणि ज्याने मागच्या वेळी हो म्हटलं त्यालाच लावतो. अशी दहा-बारा माणसं तयार होतात आणि पुढे तीच दमतात. त्यातल्या काहींना आपली जागा सोडवत नाही, हेही खरं. फुलदाणी कुठे ठेवायची यावरून तुम्हाला कुणीतरी तिरकस बोलेल. ते मनावर घेऊ नका; पहिले काही आठवडे सूचना न देता नुसतं काम करा. सूचना देण्याचा हक्क तुम्हाला आहेच. कॅनन कायद्याच्या, म्हणजे कॅथोलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्याच्या, 212व्या कलमात, आपल्या गरजा आणि मतं धर्मगुरूंपुढे मांडण्याचं स्वातंत्र्य भाविकांना दिलेलं आहे. पण मत मांडणाऱ्याने आधी खुर्च्या उचललेल्या असल्या तर ते जास्त ऐकलं जातं, एवढं खरं.

हे सगळं चर्चच्या भिंतीआतलं झालं. माझ्या मते पॅरिशमधलं सगळ्यात भरीव काम भिंतीबाहेर चालतं आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. तुमच्या पॅरिशमध्ये संत व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीची शाखा आहे का, ते विचारा. ही सोसायटी 1833 साली पॅरिसमध्ये सुरू झाली. ती सुरू करणाऱ्यांतला फ्रेडरिक ओझानाम तेव्हा अवघ्या वीस वर्षांचा विद्यार्थी होता. वादसभेत विरोधकांनी विचारलं होतं, तुमचं चर्च पूर्वी काय करत होतं ते सांगू नका, आज गरिबांसाठी काय करतं ते दाखवा. उत्तरादाखल तो आणि त्याचे मित्र गरिबांच्या घरी जाऊ लागले. कुणाकडे कसं जायचं, काय न्यायचं, हे त्यांना शिकवलं रोझाली रांदू या सिस्टरांनी, ज्या आधीपासूनच त्या वस्तीत काम करत होत्या. आजही सोसायटीचा गाभा तोच आहे: जोडीने जायचं, घरात बसायचं, ऐकायचं, आणि जे कळलं ते बाहेर बोलायचं नाही. मदत चर्चच्या दारात वाटणं सोपं असतं, पण दारात रांग लावणाऱ्या माणसाला कुणी ‘तुमची रात्री झोप होते का’ असं विचारत नाही. घरी गेल्यावर ते विचारता येतं. शिवाय तुमच्यासारख्या नव्या माणसाला एक अनुभवी जोडीदार आपोआप मिळतो, आणि दोन घरांमधल्या वाटेवर चालताना जी ओळख होते ती बैठकींत होत नाही.

आजाऱ्यांना कम्युनियन, म्हणजे मिस्सेत पवित्र केलेली भाकर, नेऊन देण्याची सेवाही याच जातीची. 1973 साली रोमने ही परवानगी सगळीकडे खुली केली, तेव्हापासून प्रशिक्षण घेतलेले सामान्य भाविक असाधारण सेवक म्हणून हे काम करतात. हे लगेच मिळणार नाही. फादर तुम्हाला ओळखू लागतील, नाव पुढे पाठवतील, धर्मप्रांताची मान्यता येईल. पण पुढेमागे विचारलं तर नाही म्हणू नका. चर्चमधून निघायचं ते थेट त्या घरी जायचं, वाटेत दुसरी कामं उरकायची नाहीत, हा नियम सगळे सांगतात. मी त्यात एक जोडतो: प्रार्थना झाल्यावर लगेच घड्याळ बघू नका. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रविवारी चर्चमध्ये कोण आलं होतं, कुणाचं लग्न ठरलं, प्रवचन लांबलं का, हेही ऐकायचं असतं. त्याची पॅरिश त्या दिवशी तुम्हीच असता.

वर्षातला सगळ्यात सोपा प्रवेश हवा असेल तर पवित्र आठवडा, म्हणजे ईस्टरच्या आधीचा आठवडा, गाठा. त्या दिवसांत कुठल्याही पॅरिशला माणसं कमीच पडतात आणि ‘तुम्ही कोण’ असं विचारायला कुणाला सवड नसते. पवित्र गुरुवारी मिस्सेनंतर रात्री आराधना चालते, तेव्हा तासातासाला आळीपाळीने बसणारे लागतात. शुक्रवारी मिस्सा नसते, पण गर्दी सगळ्यात मोठी. शनिवारच्या रात्री बाहेर अग्नी पेटवायचा, शेकडो मेणबत्त्या वाटायच्या, अंधारात म्हाताऱ्यांना जागेवर बसवायचं. त्या रात्री पूर्ण विधी केला तर जुन्या करारातली सात वाचनं असतात. ती कमी करता येतात, पण इजिप्तमधून सुटकेचं वाचन कधीच गाळता येत नाही. सात वाचनं म्हणजे सात वाचक, तेव्हा वाचनाची हौस असेल तर त्या रात्रीसाठी नाव द्या. वाचन आठवडाभर आधी घ्या, घरी मोठ्याने वाचा, विशेषनामांवर थांबून सराव करा. हातात कागद घेऊन ऐन वेळी विचारणाऱ्याला दुसऱ्यांदा नाव देताना मी दहादा विचार करतो.

पॅरिश कौन्सिलमध्ये मात्र इतक्यात जाऊ नका. तिथे निर्णय होतात असं बाहेरून वाटतं. चर्चच्या कायद्याने ती सल्लागार मंडळी असते आणि अध्यक्ष पॅरिश प्रीस्टच असतात. अर्थ समिती प्रत्येक पॅरिशला सक्तीची आहे, तिलाही जाणकार लोक लागतात. तुम्ही हिशेबतज्ज्ञ असाल तर गोष्ट वेगळी.

मुलांच्या धर्मशिक्षणात किंवा वेदीसेवकांसोबत काम करायचं असेल तर तुमची पडताळणी होईल, प्रशिक्षण घ्यावं लागेल, मुलासोबत एकट्याने बंद खोलीत थांबायचं नाही असे नियम सांगितले जातील. अपमान वाटून घेऊ नका. मुलांच्या लैंगिक शोषणाच्या बाबतीत चर्चने फार मोठी किंमत मोजायला लावली आहे, आणि ती मोजली मुलांनी. जिथे असे नियम कुणी सांगतच नाही तिथेच उलट विचारा, का नाहीत?

वेळेचं म्हणाल तर हो म्हणतानाच मुदत सांगा. ‘ईस्टरपर्यंत, महिन्यातले दोन रविवार’ असं स्पष्ट बोललेलं वेळापत्रक लावणाऱ्याला आवडतं, खोटं वाटत असेल तर मला विचारा. मुदत न सांगता घेतलेलं काम तुमच्याकडे कायमचं चिकटतं आणि एक दिवस तुम्ही चिडून सगळंच सोडता. घरी मूल लहान असताना दर संध्याकाळ चर्चच्या हॉलमध्ये घालवणं ही काही मोठी भक्ती नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथोलिक बिशपांची सभा) 1964 सालच्या चर्चविषयक दस्तऐवजात सामान्य भाविकाचं पाचारण संसारात, नोकरीत, समाजात आहे असंच म्हटलं आहे.

पत्नीला जरूर न्या, तिची इच्छा असेल तर. मिस्सेतलं वाचन आणि कम्युनियनशी संबंधित सेवा तिच्यासाठी नाहीत, बाकी खुर्च्यांपासून गरजूंच्या मदतीपर्यंत बहुतेक सगळीकडे हात हवेच असतात. कम्युनियनच्या वेळी ती बसून राहिली तर कुणी तिला ढकलून रांगेत उभं करू नये, हे तुम्ही शेजारी बसून सांभाळा. आणि तिचं धर्मांतर कधी, असा प्रश्न एखादी उत्साही काकू पहिल्याच दिवशी विचारेल. त्याचं हसून द्यायचं उत्तर दोघांनी घरूनच ठरवून जा.

फादरांना मिस्सेच्या आधी गाठू नका, तेव्हा त्यांचं डोकं दहा ठिकाणी असतं. नंतर दारात भेटा, नाव सांगा, कुठे राहता ते सांगा, आणि ‘काही काम असेल तर सांगा’ असं मोघम म्हणण्याऐवजी ‘पुढच्या रविवारी खुर्च्या आवरायला थांबतो, कुणाला भेटू?’ असं विचारा.