घोषणेआधी पगाराची स्लिप वाच

वाळूज एमआयडीसीतल्या कारखान्याच्या गेटवर तू घोषणा झकास देतोस गड्या, आवाज आहे तुला. पण बोलणीच्या टेबलावर एचआरवाला आवाज मोजत नाही, कलम विचारतो.

म्हणून आधी स्लिप वाचायला शीक. मूळ वेतन किती, भत्ते कशात घुसवलेत, पीएफ कोणत्या रकमेवर कापला. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना हातात येणारी एकरकमी रक्कम, तिचा हिशोब तर तोंडपाठ पाहिजे. शेवटचं मासिक मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. गेटमीटिंगला हा हिशोब फळ्यावर मांड, पुढच्या वेळी माणसं न बोलावता येतील.

संपाची भाषा करण्याआधी २०२० ची औद्योगिक संबंध संहिता बघ. १४ दिवसांच्या नोटिशीची सक्ती आधी लोकोपयोगी सेवांपुरती होती, आता सगळ्याच कारखान्यांना आहे. युनियन अनेक असतील तर एकट्याने वाटाघाटी करायला ५१ टक्के कामगार सोबत लागतात. पावतीपुस्तक, सभासद-नोंद चोख ठेव. (हे कंटाळवाणं काम कुणालाच नको असतं.)

१९५८ पासूनच्या केंद्रीय कामगार शिक्षण मंडळाचे (आता नाव दत्तोपंत ठेंगडी राष्ट्रीय कामगार शिक्षण व विकास मंडळ) वर्ग असतात. जा, आणि बीड-जालन्याकडच्या कंत्राटी पोरांनाही ने. ठेकेदार पीएफ भरतो का, ते यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा नंबर) टाकून मोबाईलवर त्यांचं त्यांना बघता आलं पाहिजे.