हरभऱ्याचं रायझोबियम सोयाबीनला का चालत नाही?

प्रश्न असा आहे: हरभऱ्यासाठी आणलेलं जिवाणू संवर्धक (रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र झाडाला देणारे जिवाणू) उरलं, ते सोयाबीनच्या बियाण्याला चोळलं तर गाठी का धरत नाहीत? दोन्ही द्विदलच ना?

द्विदल खरी, पण दोघांचे जिवाणू वेगळे. हरभऱ्याला मेझोरायझोबियम लागतं, सोयाबीनला ब्रॅडिरायझोबियम. ही निवड रसायनांवर ठरते.

पहिली हाक मुळाची. नत्र कमी पडलं की मूळ फ्लेव्होनॉइड नावाची रसायनं पाझरतं. सोयाबीनचं जेनिस्टीन आणि डेडझीन, लसूणघासाचं ल्युटिओलिन. जिवाणूतल्या नॉड-डी प्रथिनाला ते ओळखीचं वाटलं तरच त्याची नॉड जनुकं (गाठी धरायला लावणारी) चालू होतात.

मग जिवाणू उत्तर देतो, आणि खरी गंमत इथे आहे. हे उत्तर म्हणजे नॉड फॅक्टर: शर्करेचे चार-पाच मणी आणि एका टोकाला स्निग्धाम्लाची शेपटी. १९९० साली लसूणघासाच्या जिवाणूत ही रचना पहिल्यांदा उलगडली. त्या रेणूवर एक सल्फेट चिकटलेला असतो. जनुक बिघडवून तेवढा सल्फेट घालवला, की लसूणघास त्या जिवाणूला दारात उभं करत नाही, आणि एरवी दाद न देणारी व्हेच (दुसरं एक द्विदल पीक) त्याला गाठी करून देते! एवढ्याशा फरकाने यजमानच बदलतो.

योग्य रेणू असेल तर त्याचं नॅनोमोलर, म्हणजे अगदी अत्यल्प, प्रमाणही पुरतं. मूळरोमाच्या (मुळावरच्या केसासारख्या पेशीच्या) केंद्रात दर मिनिट-दीड मिनिटाला कॅल्शियमची उसळी येऊ लागते. पुढे मूळरोमाचं टोक आकडीसारखं वळतं, जिवाणू त्या वळणात अडकतो आणि तिथून आत जाणाऱ्या बारीक नळीतून गाठीपर्यंत पोचतो.

जाता जाता: युरिया भरपूर दिला असेल तर योग्य संवर्धक लावूनही गाठी कमीच येतात. आयतं नत्र मिळत असताना झाड स्वतःच गाठींना आवर घालतं, कारण जिवाणू पोसायला त्याला साखर मोजावी लागते.

फुलोऱ्यात एक रोप मातीसकट अलगद उपटा, मुळं धुवा, गाठ नखाने चिरा. आत गुलाबी-लाल दिसलं तर लेगहिमोग्लोबिन (गाठीतलं प्राणवायू धरणारं लाल प्रथिन) आहे, काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट गाठ कुचकामी. आणि तुमच्या सोयाबीनला लाल गाठी सापडल्याच, तर हरभऱ्याचं संवर्धक चाललं असं समजू नका. त्या जमिनीत आधीच्या सोयाबीनचं ब्रॅडिरायझोबियम शिल्लक असणार.