‘ने’ आणि ‘ला’

प्रिय बाय,

तुझा व्हिडिओ दोनदा पाहिला. हातांना तांदळाचं पीठ, मांडीवर लेक, आणि ती मधूनच तुझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवतेय. इतरांची मुलं हाका मारतात; आपण बहिऱ्या, म्हणून आपली मुलं हनुवटी धरतात. मीही व्हिडिओनंच उत्तर देणार होते. पण तुला मराठी वाचा-लिहायची सवय हवी, म्हणून मुद्दाम कागद घेतला.

बहिऱ्या मुलांना शिकवायला जमेल का, असं विचारलंस. जमेल. पण बहिरी आहेस एवढ्यावर नाही.

कागदपत्रांचं आधी उरकते. भारतीय सांकेतिक भाषा शिकवण्याचा दोन वर्षांचा डिप्लोमा खास बहिऱ्यांसाठी आहे. तुझी बारावी झालीय, ते बरं. पण तो भाषा शिकवण्याचा. वर्गात गणित, परिसर शिकवायचं तर श्रवणदोष विषयातलं विशेष डी.एड. किंवा बी.एड. हवं, आणि भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी. हा फरक मला कुणी सांगितला नव्हता. एक वर्ष फुकट गेलं. मुंबईला, वांद्र्याच्या अली यावर जंग वाणी-श्रवण संस्थेत चौकशी कर. आणि लेक मोठी झाली तरी तिला दुभाषी करून कुठे नेऊ नकोस. मी आठ वर्षांच्या मुलाला डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टर बोलले त्यातलं अर्धंच त्यानं मला सांगितलं. उरलेलं कितीतरी दिवस एकटाच मनात घेऊन फिरत होता.

घरच्या खुणा वेगळ्या, भाषा वेगळी. आमच्या घरी पाव म्हणजे पोदेराचा, दारोदार येणाऱ्या पाववाल्याचा, भोंपू दाबणारी मूठ. तो भोंपू मी कधी ऐकला नाही. आई पिशवी घेऊन दाराकडे धावायची, तिच्यामागून मी. ती खूण घराबाहेर कुणालाच कळली नाही. दिल्लीच्या सांकेतिक भाषा केंद्राच्या शब्दकोशात २०२१पासून १०,००० शब्द आहेत, व्हिडिओसकट. रोज पाच बघ.

मराठीत आपली बहिरी मुलं अडतात ती विभक्तीपाशी. ‘आईने बाबाला पुस्तक दिलं’ आणि ‘आईला बाबाने पुस्तक दिलं’, दोन्ही त्यांना सारखंच दिसतं: आई, बाबा, पुस्तक, देणं. ऐकणाऱ्यांच्या कानावरून ‘ने’ आणि ‘ला’ हजारदा गेलेले असतात; आपल्या मुलांना ते शब्दाच्या शेपटीला चिकटलेलं कायतरी वाटतं. तीन वर्षं मी फळ्यावर नियम लिहिले. मग एकदा डोक्यात उजेड पडला. आपल्या सांकेतिक भाषेत ‘देणं’ करताना हात देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जातो. हात निघतो तिथे ‘ने’, पोचतो तिथे ‘ला’! फळ्याच्या एका टोकाला आई काढली, दुसऱ्या टोकाला बाबा. मुलं आधी हात नेतात, मग अक्षराची चिठ्ठी चिकटवतात. (‘आई बाबाला पुस्तक देते’ आलं की ‘ने’ गायब. तेव्हा सगळा वर्ग माझ्याकडे संशयानं बघतो.)

मी शिकवायला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सहा वर्षांच्या एका मुलानं माझ्या कानाकडे बोट केलं: मोठी, तरी बहिरी? त्यानं मोठं बहिरं माणूस कधी पाहिलंच नव्हतं. उंची वाढते तसं ऐकूही यायला लागेल, अशी त्याची समजूत. माझीही होती. त्याच्या आईला मी घरी जेवायला बोलावलं. खरं अवघड काम तिच्याशी होतं. घरात ती थोड्या खुणा करायची, बसमध्ये मात्र लाजून पोराचे हात धरून ठेवायची. माझा मुलगा आणि मी ताटावर भांडलो, हातांनी, ते ती बघत बसली. पुढच्या खेपेला तिनं आपण होऊन चार खुणा विचारल्या.

गणपतीची चवथ झाली, मूर्तीवरची फळापानांची माटोळी उतरली, की वाळपईहून सकाळची कदंब बस पकडून फोंड्याला माझ्या वर्गात ये. लेकीलाही आण. दोन तास मागच्या बाकावर बस. मुलं तुला खुणेचं नाव देतील. आवडलं नाही तरी मग ते सुटत नाही. मला गालावरच्या तिळावरून मिळालंय.

उत्तर लिहूनच पाठव. ‘ने’, ‘ला’ चुकले तरी चालतील, मी पेन्सिलीनं खुणा करून परत देईन.

तुझी,
तीळवाली बाई